फोड नसलेला ‘फोडांचा आजार’ आणि माझा ३१ नंबरचा कंट्रोल

गेल्या पोस्टखाली दोघा-तिघांनी एकच प्रश्न विचारला होता : डेटामधला आउटलायर कधी काढायचा आणि कधी ठेवायचा? स्टॅटिस्टिक्सचं उत्तर कुठल्याही पुस्तकात सापडेल, ते मी पुन्हा लिहीत बसत नाही. त्याऐवजी एका आजाराबद्दल लिहिते. माझ्या शीटमधला ३१ नंबरचा आउटलायर याच आजारामुळे आला होता, आणि मी तो काढून टाकला होता.

आजाराचं नाव बुलस पेम्फिगॉइड. ‘बुला’ म्हणजे मोठा, पाण्याने भरलेला फोड. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच त्वचेतल्या प्रथिनांविरुद्ध अँटीबॉडी तयार करते, म्हणजे हा ऑटोइम्यून आजार आहे. पाठ्यपुस्तकात फोटो नेहमी एकच असतो : वयस्कर माणूस, मांड्या-पोट-हातांवर घट्ट, टचटचीत फोड. परीक्षेला तेवढं पुरतं. अडचण अशी, की निदान होताना सुमारे पाचातल्या एका रुग्णाच्या अंगावर फोड नसतातच. नावातच फोड, आणि अंगावर एकही नाही.

हे कसं शक्य आहे ते कळायला त्वचेची बांधणी थोडी बघावी लागेल.

पोपडा आणि गिलावा

पावसाळ्यात भिंतीला ओल आली की रंगाचा पोपडा सुटतो, आत पाणी धरून फुगतो. वरची त्वचा म्हणजे एपिडर्मिस, खालची डर्मिस. दोन्हींच्या मध्ये बेसमेंट मेम्ब्रेन नावाचा अगदी पातळ थर असतो. एपिडर्मिसच्या सगळ्यात खालच्या पेशी या थराला सूक्ष्म बटणांसारख्या रचनांनी घट्ट बसवलेल्या असतात. या बटणांना हेमिडेस्मोसोम म्हणतात. त्यातली दोन प्रथिनं आपल्या कामाची : बीपी२३० हे पेशीच्या आत असतं, आणि बीपी१८० हे पेशीच्या आतून निघून बाहेर बेसमेंट मेम्ब्रेनपर्यंत पोचतं. (बीपी म्हणजे ब्लड प्रेशर नव्हे. माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही.) बीपी१८० ला कोलॅजन १७ असंही म्हणतात. पेशीच्या पडद्याला लागून, लगेच बाहेर असलेला त्याचा छोटा भाग म्हणजे एनसी१६ए. बहुतेक रुग्णांच्या अँटीबॉडी इथेच येऊन चिकटतात.

पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड ही नावं सारखी वाटतात, आणि १९५३ पर्यंत दोन्हींची सरमिसळच होती. वॉल्टर लीव्हर यांनी मायक्रोस्कोपखाली बघून ते वेगळे काढले. पेम्फिगसमध्ये एपिडर्मिसच्या पेशीच एकमेकींपासून सुटतात, म्हणजे विटांमधलं सिमेंट जातं. पेम्फिगॉइडमध्ये अख्खा गिलावा भिंतीपासून सुटतो. म्हणून पेम्फिगसचा फोड लगेच फुटतो आणि पेम्फिगॉइडचा जाड पापुद्र्याचा फोड बरेच दिवस टिकतो. पुढे अमेरिकेत बफेलो इथे बॉयटनर आणि जॉर्डन यांच्या गटाने १९६४ मध्ये पेम्फिगसमधल्या आणि १९६७ मध्ये पेम्फिगॉइडमधल्या अँटीबॉडी दाखवल्या. भारतात या दोघांपैकी पेम्फिगस जास्त दिसतो, युरोपात उलट. त्यामुळे आपल्याकडे पेम्फिगॉइड डोक्यात यायलाच मुळात थोडा उशीर होतो.

आता मुख्य मुद्दा. अँटीबॉडी चिकटली की लगेच फोड, असं होत नाही. अँटीबॉडी चिकटते, कॉम्प्लिमेंट जागा होतो, मास्ट पेशी फुटतात, त्यांच्या हाकेला न्यूट्रोफिल आणि इओसिनोफिल धावून येतात, आणि या पेशी जी एन्झाइम सोडतात ती बटणं कापतात. तेव्हा कुठे पोपडा सुटतो. फोड हा या साखळीतला शेवटचा टप्पा आहे. मास्ट पेशी आणि इओसिनोफिल आले की खाज आणि सूज मात्र आधीच सुरू झालेली असते. साखळी मधेच कुठेतरी थांबली, तर? माणूस खाजवत राहतो, अँटीबॉडी रक्तात असतात, त्वचेत चिकटलेल्याही असतात, पण फोड येत नाही. एखाद्याच्या बाबतीत ती नक्की कुठल्या टप्प्यावर आणि का थांबते, हा अजून उघडा प्रश्न आहे. (विषय शोधत असाल तर टिपून ठेवा.)

अँटीबॉडीमुळेच आजार होतो हे सिद्ध करणारा १९९३ चा उंदरांवरचा प्रयोग जरूर वाचा. माणसाच्या अँटीबॉडी उंदराला टोचून काही घडत नव्हतं, कारण उंदराच्या बीपी१८० चा तो भाग माणसापेक्षा वेगळा आहे. लिऊ, डियाझ आणि सहकाऱ्यांनी मग उंदराच्या त्या भागाविरुद्ध सशामध्ये अँटीबॉडी तयार केल्या आणि त्या नवजात उंदरांना टोचल्या. फोड आले. नकारार्थी निकाल आला म्हणून गृहीतक न सोडता मॉडेलमध्ये काय चुकतंय ते शोधणं, याचं हे सुंदर उदाहरण आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या : प्रयोग यशस्वी झाला हे त्यांनी ओळखलं ते फोडावरून. तेच सगळ्यात सोपं माप होतं, आणि क्लिनिकमध्येही तेच झालं.

पित्त, इसब, खरूज आणि नागीण

फोडांशिवाय हा आजार कुठल्या रूपात येतो याची यादी मोठी आहे. पण आपल्या घरातली चार नावं घेतली तरी बरंच येतं.

पहिलं, पित्त. अंगावर लालसर, उंच गांधी उठतात. घरात कोणीतरी कोकम चोळायला सांगतं, डॉक्टर सेट्रिझिन देतात. खऱ्या पित्तातली एक गांध सहसा चोवीस तासांच्या आत मागमूस न ठेवता जाते, दुसरीकडे नवीन उठते. पेम्फिगॉइडची गांध त्याच जागी दिवसेंदिवस बसून राहते. पेनाने कड आखून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. इतकी साधी चाचणी, पण ओपीडीच्या गर्दीत रुग्णाला दुसऱ्या दिवशी बोलावणार कोण? आता मोबाइलवर फोटो काढून आणायला सांगता येतं, हे त्यातल्या त्यात बरं.

दुसरं, इसब. कोरडी, खवलेदार, खाजरी त्वचा. वय झाल्यावर त्वचा कोरडी होतेच, हिवाळ्यात तर जास्तच, त्यामुळे ‘वयामुळे आहे, तेल लावा’ इथेच गोष्ट संपते. स्टेरॉइडचं मलम दिलं की थोडं बरंही वाटतं. ते पेम्फिगॉइडमध्येही वाटतं, म्हणून निदान आणखी पुढे ढकललं जातं.

तिसरं, खरूज. रात्री वाढणारी खाज आणि खाजवल्याचे ओरखडे. खरूज म्हटलं की घरातल्या सगळ्यांना औषध लावावं लागतं, अंथरूण-पांघरूण उकळावं लागतं. हे सगळं करूनही एकाच माणसाची खाज राहिली, घरातल्या बाकी कुणाला काहीच नव्हतं, तर तीच एक मोठी खूण आहे. यातच खाजवून खाजवून घट्ट गाठी होतात, त्याला नोड्युलर पेम्फिगॉइड म्हणतात. दिसायला तो प्रुरिगोसारखाच.

नागिणीशी गल्लत होते ती स्थानिक प्रकारात. फोड असतात, पण एकाच ठिकाणी : एखाद्या नडगीवर, ऑपरेशनच्या व्रणावर, रेडिओथेरपी दिलेल्या जागी, स्टोमाच्या भोवती. आजार अख्ख्या रक्तात आणि फोड तळहाताएवढ्या जागेत. त्या जागेची त्वचा आधी दुखावलेली असणं हा समान धागा दिसतो. तळहात-तळपायांवर बारीक, खोल, साबुदाण्यासारखे फोड येणारा प्रकारही आहे, तो पोम्फोलिक्स समजून सोडला जातो. तान्ह्या बाळांमध्ये तर सुरुवात बहुतेकदा तळहात-तळपायांपासूनच होते (बाळांचा आजार सहसा लवकर आटोक्यात येतो).

गरोदरपणातला प्रकार वेगळ्या नावाने ओळखला जातो, पेम्फिगॉइड जेस्टेशनिस. सुरुवात बेंबीच्या आसपास, खाज आणि गांधींनी. नाळेतही बीपी१८० असतं, आणि प्रतिकारयंत्रणा तिथून बिघडते असं मानलं जातं. याचं जुनं नाव हर्पिस जेस्टेशनिस होतं. हर्पिसच्या विषाणूशी काडीचाही संबंध नाही, पण नावामुळे किती बायका घाबरल्या असतील!

आणि मग औषधं. मधुमेहासाठी दिली जाणारी ग्लिप्टिन गटातली औषधं, त्यातही विल्डाग्लिप्टिन, यांचा पेम्फिगॉइडशी संबंध अनेक देशांच्या नोंदींमध्ये दिसला आहे. भारतात विल्डाग्लिप्टिनचं पेटंट डिसेंबर २०१९ मध्ये संपलं, स्वस्त जेनेरिक आली आणि ते गावोगावच्या मेडिकलमध्ये पोचलं. जपानमधल्या अभ्यासांत असं दिसलं की यातल्या काही रुग्णांमध्ये लालीसूज कमी असते आणि अँटीबॉडी एनसी१६ए ऐवजी बीपी१८० च्या दुसऱ्या भागांना चिकटतात. याचा सरळ परिणाम : फक्त एनसी१६ए तपासणारी टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. हे वाचून कुणी घरच्यांची गोळी परस्पर बंद करू नका. खाज असेल तर स्किनच्या डॉक्टरांना औषधांची पूर्ण यादी दाखवा, एवढंच.

कुठला तुकडा, कुठल्या बाटलीत

निदानाचा कणा म्हणजे डायरेक्ट इम्युनोफ्लुओरेसन्स, डीआयएफ. त्वचेचा छोटा तुकडा घेऊन त्यात चिकटलेली आयजीजी किंवा सी३ चमकवून बघायची. पेम्फिगॉइडमध्ये बेसमेंट मेम्ब्रेनवर सलग चमकती रेघ दिसते, फोड असो वा नसो. पण तुकडा फोडाच्या मधून न घेता शेजारच्या त्वचेतून घ्यावा लागतो, आणि तो फॉर्मलिनमध्ये टाकायचा नसतो. नेहमीच्या बायोप्सीला फॉर्मलिन लागतं, त्यामुळे सवयीने हात त्याच बाटलीकडे जातो, आणि डीआयएफ वाया जातं. यासाठी मिशेल मीडियम नावाचं वेगळं द्रावण असतं. तुम्ही हॉस्पिटलकडून सॅम्पल घेऊन काम करणार असाल तर पहिल्याच दिवशी बाटल्या स्वतः देऊन या, लेबल लावून.

रेघ दिसली तरी काम संपत नाही, कारण तशीच रेघ इतर आजारांतही दिसते. मग एक मोलर मिठाच्या पाण्यात निरोगी त्वचेचा तुकडा ठेवतात. त्याचे दोन थर सुटतात, म्हणजे आपणच एक कृत्रिम फोड तयार करतो. त्यावर रुग्णाचं सीरम घातलं, की पेम्फिगॉइडच्या अँटीबॉडी फोडाच्या छताला चिकटतात, आणि एपिडर्मोलिसिस बुलोझा अक्विझिटा या दुसऱ्या आजाराच्या तळाला. मला ही पद्धत फार आवडते. मीठ आणि पाणी!

एलिसा सगळ्यात सोपी, म्हणून आमच्यासारख्या लॅबमध्ये तीच चालते. पण तिच्या आकड्याचा अर्थ तुम्ही कुणाला तपासताय यावर ठरतो. समजा, टेस्ट ८०% खरे रुग्ण पकडते आणि निरोगी लोकांपैकी ९५% लोकांना बरोबर ‘नाही’ म्हणते. फोडांच्या क्लिनिकमध्ये १००० जण आले, त्यातल्या ५०० जणांना खरोखर आजार आहे. पॉझिटिव्ह येतील ४०० खरे आणि २५ खोटे. पॉझिटिव्ह म्हणजे जवळपास नक्कीच. आता तीच टेस्ट नुसती खाज असलेल्या १००० वृद्धांवर करा, त्यात खरे रुग्ण २० आहेत असं धरा. पॉझिटिव्ह येतील १६ खरे आणि ४९ खोटे. चारातला एकच खरा. (हे सगळे आकडे गणितापुरते मानलेले आहेत, थिसिसमध्ये उचलू नका.) निरोगी वृद्धांमध्येही या अँटीबॉडी कधीकधी कमी प्रमाणात सापडतात, त्यामुळे हा प्रश्न काल्पनिक नाही. नेट-सेटच्या तयारीत प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यूचं सूत्र आपण सगळेच पाठ करतो. मला ते खरं कळलं ते इथे.

कुणाला रुग्ण म्हणायचं

१९९८ मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने चार क्लिनिकल निकष मांडले : वय सत्तरच्या वर, त्वचेवर खोलगट व्रण नाहीत, तोंडाच्या आत आजार नाही, आणि डोक्या-मानेवर प्रामुख्याने फोड नाहीत. चारातले तीन असले की पेम्फिगॉइड. हे निकष फोडांच्या आजारांमधूनच पेम्फिगॉइड वेगळा काढण्यासाठी केले होते आणि त्या कामाला ते चांगले होते. मात्र पुढे तेच दाराच्या चौकटीसारखे वापरले जाऊ लागले. फोड नसलेला माणूस या चौकटीपर्यंत पोचतच नाही. भारतात तर रुग्णांचं वयही युरोपपेक्षा कमी दिसतं, म्हणजे सत्तरचा निकष इथे आणखीच तोकडा.

२०१७ मध्ये ब्रिटन आणि जर्मनीत मिळून झालेली ब्लिस्टर नावाची चाचणी बघा. डॉक्सिसायक्लिन की प्रेडनिसोलोन, हा प्रश्न होता. चाचणीत यायला ठरावीक फोड असणं गरजेचं, आणि सहा आठवड्यांनी यश मोजायचं तेही फोड मोजून. चाचणी उत्तमच होती, तिने मोठा प्रश्न सोडवला. पण ज्याला फोडच नाहीत, त्याच्याबद्दल ती काही सांगू शकत नाही. व्याख्येत फोड, मग प्रवेशात फोड, मग मोजमापात फोड. शेवटी वाङ्मय वाचणाऱ्याला वाटतं, फोड नसलेले रुग्ण दुर्मीळ आहेत.

याला धक्का दिला नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या गटाने. २०१८ मध्ये त्यांनी फोड नसलेल्या रुग्णांचे जगभरातले प्रकाशित अहवाल एकत्र केले. निदानाला लागलेला सरासरी वेळ दोन वर्षांच्या जवळ होता. आणि बहुतेकांना पुढेही फोड आलेच नाहीत. आपण या अवस्थेला ‘पूर्वावस्था’ म्हणतो, जणू खरा आजार पुढे येणारच आहे. तो शब्दच फसवा निघाला. २०१९ मध्ये त्यांनी नवे निकष सुचवले : खाज किंवा फोड, डीआयएफमधली रेघ, आणि मिठाच्या त्वचेवर छताला चमक. तिघांपैकी दोन पुरे. ‘किंवा’ या एका शब्दाने दार उघडलं.

३१ नंबर

माझ्या कामात कंट्रोल ग्रुप होता, ‘साठीच्या वरचे, खाज असलेले, फोड नसलेले’. फॉर्मवर चौकट होती, ‘फोड : आहेत / नाहीत’. ३१ नंबरच्या सीरमचं एलिसाचं रीडिंग माझ्या काही रुग्णांपेक्षाही जास्त आलं. मी पुन्हा लावलं, तेच. मी शेऱ्यात ‘कंटॅमिनेशन?’ लिहिलं आणि ओळ लपवली. मॅडमनी विचारलं होतं, ‘डॉक्टरांशी बोललीस का?’ मी ‘हो, बोलते’ म्हणाले आणि बोलले नाही. त्या आठवड्यात सेमिनार होता.

पाच महिन्यांनी रिव्ह्यूसाठी ग्रोनिंगेनचे पेपर वाचताना तो नंबर आठवला आणि पोटात गोळा आला. सॅम्पल कोड केलेले होते, त्यामुळे परवानगी काढून, डॉक्टरांमार्फतच पुढे जावं लागलं. त्या आजींना दोन हिवाळे खाज होती. खरजेचं औषध सगळ्या घराला तीनदा लावून झालं होतं. डीआयएफमध्ये रेघ आली. उपचार सुरू झाल्यावर त्या रात्री झोपायला लागल्या, असं डॉक्टरांनी कळवलं. मधले पाच महिने त्या जाग्याच होत्या.

मग मला वाटलं, सोपं आहे, ३१ ला कंट्रोलमधून उचलून रुग्णांच्या गटात टाकू. मॅडमनी थांबवलं. ३१ ची बायोप्सी झाली ती एलिसा पॉझिटिव्ह आली म्हणून. बाकीच्या कंट्रोलची झालीच नाही. त्यांच्यातही एलिसा निगेटिव्ह असलेला एखादा रुग्ण लपलेला असू शकतो, विशेषतः कुणी ग्लिप्टिन घेत असेल तर. फक्त पॉझिटिव्ह लोकांची खात्री करून घ्यायची आणि त्यावरून एलिसा किती रुग्ण पकडते ते मोजायचं, म्हणजे आकडा फुगलेलाच येणार. याला व्हेरिफिकेशन बायस म्हणतात. गंमत म्हणजे मी त्यावर एमएस्सीला असाइनमेंट लिहिली होती.

म्हणजे एक तर सगळ्याच कंट्रोलचं डीआयएफ करायचं, नाहीतर संवेदनशीलतेचा आकडा पेपरमधून काढायचा. डीआयएफ म्हणजे त्वचेचा चार मिलिमीटरचा तुकडा, टाका, आणि आधीच खाजणाऱ्या त्वचेवर एक नवी जखम. तीही अशा माणसांना, ज्यांच्यातल्या बहुतेकांना हा आजार नसणार. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तो किती दिवसांत, कोण कळवणार, हेही आमच्या मूळ अर्जात नव्हतं. सुधारित अर्ज मी दिला आहे. त्यात बायोप्सी ऐच्छिक ठेवली आहे, रीडिंग ठरावीक मर्यादेवर गेलं तर सात दिवसांत डॉक्टरांना कळवायचं असं लिहिलं आहे, आणि फॉर्मवर फोडांच्या चौकटीखाली तीन ओळी वाढवल्या आहेत : खाज किती महिने, एक गांध किती तास टिकते, मधुमेहाची कुठली गोळी. एथिक्स कमिटीची बैठक पुढच्या गुरुवारी आहे.